कडुलिंबाखालचा खड्डा

१

निवृत्त जिल्हा न्यायाधीश प्रेमानंद खिल्लारे यांच्या दिशेने नोकरीच्या काळात बऱ्याच गोष्टी फेकल्या गेल्या होत्या. जन्मठेप ऐकून एकाने चप्पल भिरकावली होती. त्यांचे लघुलेखक विश्वंभर पतंगे मध्ये आले, म्हणून ती पतंग्यांच्या कपाळाला लागली. वकील मंडळींनी कलमं फेकली. ती कुणालाच लागली नाहीत. पण हिंगोलीतल्या स्वतःच्या ओसरीवर चहा पीत असताना कुणी पायाशी ओंजळभर माती आणून टाकावी, हे पहिल्यांदाच घडत होतं.

माती ओलसर होती. ती टाकणाऱ्या सुनिताबाईची साडीही गुडघ्यापर्यंत त्याच मातीने भरलेली होती.

“वळखली का साहेब? माझ्या लिंबाखालची हाय.”

खिल्लाऱ्यांनी कप खाली ठेवला.

“दगडूनं तांबडं फुटायलाच जेसीबी आणला. मी पळत गेले अन् खड्ड्यात उतरून बसले, तवा कुठं मशीन थांबली. दगडू म्हणतो, आज ऱ्हाऊ दे, उद्या सकाळी खणू.” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर खिल्लाऱ्यांना बरं वाटलं असतं. चढलेल्या आवाजांची त्यांना सवय होती. “त्या जागेचं तीन माणसायला ठाव होतं. बाप गेला. नवरा गेला. तिसरे तुमी. आता मी इचारू कुणाला?”

“मी कुणालाही बोललेलो नाही, सुनिताबाई.”

“मग लिंब बोललं आसंल,” ती म्हणाली आणि निघून गेली. चहा न घेता.

आपल्या जिल्ह्यात माणूस भांडून जातो, शिव्या देऊन जातो, बघून घेतो म्हणून जातो. पण चहा घेऊन जातो. तो न घेता गेला, की समजावं, विषय संपला.

२

न्यायाधीश निवृत्त झाला की त्याचं ऐकणारं कुणी उरत नाही. घरात तर आधीही नव्हतं. म्हणून खिल्लाऱ्यांनी पुढच्या खोलीला ‘मध्यस्थ व लवाद’ अशी पाटी लावली. लवाद म्हणून पहिलं प्रकरण आलं ते एका रस्त्याच्या ठेक्याचं. रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून गेला, वाद मात्र पक्का बांधलेला निघाला, अजून चालू आहे. तेव्हापासून त्यांचा जीव मध्यस्थीतच जास्त रमला. औंढ्याच्या नारळवाल्यांची हद्द त्यांनी ठरवून दिली. सेनगावच्या जीपवाल्यांत आधी कुणाची गाडी भरायची, हे ठरवून दिलं. लवादात निकाल आपण द्यायचा असतो. मध्यस्थीत आपला निकाल त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा असतो, आणि वर त्यांचं अभिनंदन करायचं असतं.

या धंद्याचं भांडवल एकच. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून, दार लावून ऐकायचं, आणि एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. शब्दानेही नाही, चेहऱ्यानेही नाही. चेहऱ्याच्या बाबतीत खिल्लाऱ्यांना नैसर्गिक देणगी होती. कोर्टात त्यांना मागून ‘लाकडी साहेब’ म्हणत.

हट्टा गावच्या, नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेल्या सुनिताबाई आणि तिचा धाकटा भाऊ दगडोबा यांचं वाटणीचं प्रकरण साधंच दिसत होतं. जमिनीचे तीन तुकडे होते. एक सडकेकडचा, एक विहिरीचा आणि एक मागचा, पडीक, ज्यात एक कडुलिंब आणि भरपूर कुसळी गवत. उघड बैठकीत सुनिताबाई सडकेकडच्या तुकड्यावर अडून बसली होती. दार लावल्यावर मात्र म्हणाली, “सडकंचा मला काय करायचा? मला मागचा पायजे, अन् विहिरीत माझा अर्धा हिस्सा. पण मागच्यात माझा जीव हाय हे दगडूला कळलं ना साहेब, तर तेवढाच टाकील पुढ्यात अन् बाकी सगळं लिहून घील.”

आणि मग तिने का ते सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. पोरगी झाली, नाव ठेवायच्या आधीच गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिच्या वडिलांनी, ग्यानोबांनी, ज्यांना घरात दादा म्हणत, एकट्याने जाऊन तिला मागच्या तुकड्यात पुरलं आणि वर लिंबाचं रोप लावलं. दगडोबा तेव्हा परभणीला वसतिगृहात होता. घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

खिल्लाऱ्यांनी मान हलवली होती. लाकडासारखी.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे कालच, सगळे मिळून शेत पाहायला गेले. सुनिताबाई आणि दगडोबा सडकेकडेच खुणेच्या दगडावरून भांडत उभे राहिले. खिल्लारे तिन्ही तुकडे फिरून आले. मागे विश्वंभर होता, पाण्याची बाटली घेऊन शिपाई वसराम होता, दगडोबाचा वकील हरीशही होता. शेवटपर्यंत कोण होतं, हे खिल्लाऱ्यांना सांगता आलं नसतं. मागे वळून बघायची न्यायाधीशाला सवय नसते. मागे कुणीतरी असतंच.

त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आणि आज लिंबाखाली खड्डा होता.

“साहेब, आपण एकेकाला विचारून बघू,” विश्वंभर पतंगे म्हणाले. मातीची गोष्ट कळताच ते वही-पेन्सिल घेऊन हजर झाले होते. निवृत्तीनंतरही ते रोज येत, तहाचे मसुदे टाईप करत, संध्याकाळी साहेबांबरोबर फिरायला जात. “मला विचाराल तर सुरुवात दारापासून करावी. दाराशी कोण बसतं?”

दाराशी वसराम बसत असे.

३

वसराम राठोड हा कोर्टातला जुना बेलीफ. त्याला समोर उभं करून प्रश्न विचारताना खिल्लाऱ्यांना आपण पुन्हा नोकरीत असल्यासारखं वाटलं, आणि ते काही सुखाचं वाटलं नाही.

“वसराम, त्या दिवशी बाई आत काय बोलली, ते तुला ऐकू आलं का?”

“कूलर चालू व्हता, साहेब. त्यो चालू आसला की मला माझं खोकलणं ऐकू येत न्हाई.”

कूलर खरोखरच मळणीयंत्रासारखा घरघरत असे. खिल्लाऱ्यांनी तो मुद्दामच तसा ठेवला होता. मिस्त्री दोनदा दुरुस्त करायला आला आणि दोनदा चहा पिऊन गेला.

“प्रयोग करून पाहावा,” विश्वंभर म्हणाले. “तुम्ही आत बोला, मी बाहेर वसरामच्या स्टुलावर बसतो.”

प्रयोग झाला. खिल्लारे आत गेले, दार लावलं, कूलर सुरू केला आणि खुर्चीत बसले. बोलायचं काय, हे मात्र सुचेना. कायद्याचं काही बोलावं तर कंटाळा आला. त्या बाईचं बोलणं पुन्हा तोंडातून काढावं, तर जीभ उचलेना. ते तसेच गप्प बसून राहिले आणि थोड्या वेळाने बाहेर आले.

“येतं साहेब,” विश्वंभर म्हणाले. “अंधुक, पण येतं. कान दिला तर कळतं.”

वसरामने त्यांच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेब काहीतरी म्हणतील म्हणून जरा वाट पाहिली. साहेबांना वाटलं, विश्वंभरचंही वय झालं, कानात घरघर राहते. आणि ते काहीच म्हणाले नाहीत.

“दाराशी बसतो म्हणून दाराला कान लावतो, आसं आस्तंय व्हय?” वसराम म्हणाला. खांद्यावरचा रुमाल त्याने झटकला. “तुमच्यावानी माणसानं काहून आसं मनात आणावं, साहेब? स्टूल तुमचंच हाय, ठिवून चाललो.”

आणि सकाळपासून दुसरा माणूस चहा न घेता गेला.

आतल्या अंगणात मिराबाई, म्हणजे सौभाग्यवती खिल्लारे, मांडीवर मोजे घेऊन कुसळं उपटत बसल्या होत्या.

“तुम्हालाही एक विचारायचं आहे,” खिल्लारे म्हणाले.

“विचारा. शपथ घेऊ, की अशीच सांगू?”

“हट्ट्याच्या बाईबद्दल मी झोपेत काही बोललो का?”

“झोपेत तुम्ही तारीख देता. दुसरं काही नाही.” त्यांनी मोजा त्यांच्यापुढे धरला. “हे आधी सांगा. कुसळं वरून घोट्याला लागतात. तुमच्या मोज्याच्या तळव्याला कशी? तळव्याला कुसळं, वर लिंबाचा मोहोर. साखर वाढलीय, डॉक्टर म्हणतात घरातसुद्धा चप्पल सोडू नका. विहारात जाता तेवढेच बूट सुटतात तुमचे.”

“वाऱ्याने गेली असतील.”

“बुटाच्या आत? बरंच शिस्तीचं वारं दिसतंय.” त्या पुन्हा उपटू लागल्या. “आणि विश्वंभररावांच्या प्रियंकाचं जमत आलंय म्हणे. हट्ट्याकडचंच स्थळ आहे.”

“मला बोलला नाही तो.”

“सुपारी फुटल्याशिवाय कुणी बोलत नसतं. आणि तुम्ही विचारलंत कधी?”

खिल्लाऱ्यांनी ते ऐकलं आणि नोंदवून घेतलं नाही. हरीश वकील दारात येऊन उभा राहिला होता.

४

हरीश हा एके काळी त्यांच्यासमोर पहिला खटला हरलेला वकील. तो साहेबांना गुरू मानत असे. नंतरचे खटले तो दुसऱ्यांसमोर हरला.

“साहेब, बोलावलंत?”

“तुझ्या पक्षकाराला मागच्या तुकड्यात इतका रस कधीपासून आला?”

“कालपासून. मी सांगून थकलो, खणू नको बाबा. धन निघालं तर सरकारजमा होतं, नाही निघालं तर जेसीबीचं भाडं अंगावर.”

“धन?”

“गुप्तधन म्हणतोय तो. निजामाच्या वेळचं. बापाने पुरलं, बहिणीला सांगितलं, आपल्याला नाही सांगितलं, असं त्याने डोक्यात घेतलंय. काल संध्याकाळी शेतावरून आलो तेव्हा काही नव्हतं. दिवे लागायला ह्याचा फोन, वकीलसाहेब, त्या लिंबाखाली काहीतरी हाय.”

“त्याला कुणी सांगितलं?”

हरीश अवघडला. “साहेब, पक्षकाराची गोष्ट वकिलाने फोडायची नसते. तुम्हीच शिकवलंय.”

आपलं शिकवलेलं कुणी तरी लक्षात ठेवलं, याचा आनंद माणसाला नेमका अशाच वेळी मिळतो.

कोपऱ्यात बसलेल्या विश्वंभरांनी मान डोलावली. “म्हणजे वसरामच. ऐकलं आणि तिखटमीठ लावून सांगितलं.”

“असेल,” खिल्लारे म्हणाले. “तू घरी जा आता. दुपारी ये.”

५

एकटे बसल्यावर त्यांनी आधी कूलर बंद केला. इतक्या शांततेत ते त्या खोलीत कधी बसले नव्हते.

ज्याने दाराला कान लावला असता, त्याने लेकराची गोष्ट ऐकली असती. मग दगडोबाला कळलं असतं, की तिथं आपली भाची आहे. दगडोबा लोभी होता, हट्टी होता. पण भाचीच्या अंगावर जेसीबी घालणारा मामा उभ्या जिल्ह्यात सापडला नसता. तो धन शोधत होता. म्हणजे ज्याने सांगितलं, त्याला जागा माहीत होती, कारण माहीत नव्हतं.

असल्या माणसाने काही ऐकलेलं नसतं. त्याने पाहिलेलं असतं.

काय पाहिलं? खिल्लारे काल फक्त चालले होते. बोलले नव्हते, बोट दाखवलं नव्हतं, चेहरा लाकडी होता.

मग त्यांना मोज्याचा तळवा आठवला.

त्यांनी बूट काढले होते. मागच्या तुकड्याच्या बांधावर, नकळत, जसे विहाराच्या पायरीवर काढतात तसे. तिथं एक लेकरू निजलेलं आहे हे डोक्याने तोंडाला सांगू दिलं नव्हतं. पायांना बजावायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं चेहऱ्यावर पहारा ठेवला, आणि चोर खालच्या वाटेने निसटला.

बूट काढले ते अलीकडच्या बांधावर. आणि घातले कुठे? पलीकडच्या. तिथल्या दगडावर बसून त्यांनी पाय घातला होता आणि तो अलगद आत गेला होता. नाड्या शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेल्या होत्या. दुपारी साहेबांचे पाय सुजतात, नाड्या पार खालपर्यंत सोडाव्या लागतात, हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक काल घरी वरण शिजवत होती.

आणि दुसरा आज सकाळी, बंद दारामागे कुणीही काही बोललेलं नसताना, अंधुक ऐकू येतं म्हणाला होता.

आता कुठे त्यांना हट्ट्याकडचं स्थळ आठवलं. दगडोबाला लग्नाचा मुलगा होता.

दुपारी विश्वंभर आले. टेबलाशी बसण्याआधी सवयीने कूलर लावायला गेले.

“राहू दे,” खिल्लारे म्हणाले. “विश्वंभर, काल माझे बूट पलीकडच्या बांधावर कुणी आणले?”

“मीच की साहेब. तुम्हाला परत वळसा नको म्हणून,” विश्वंभर कौतुकाने म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. कूलर बंद असल्याचा हा तोटा.

त्यांनी वहीतून पेन्सिल काढली आणि तिचं टोक बोटाने चाचपलं.

“मी काही फोडलं नाही, साहेब. मला ठाऊकच काय होतं? दगडोबा म्हणाले, आता आपण व्याही होणार, साहेबांचं मन कुठं झुकतंय तेवढं सांगा. मी म्हणालो, साहेब कुणाला मन दाखवत नाहीत. सोयरीक मोडल्यासारखा चेहरा केला त्यांनी. मग मी एवढंच म्हणालो, की लिंबाच्या तुकड्यात साहेब बूट काढून चालले. तिथं काहीतरी आहे, आणि ते बाईचं आहे.” त्यांनी वर पाहिलं. “तुमचा चेहरा दुसऱ्यांना लाकडी असेल. मला तो लघुलिपीसारखा वाचता येतो. आयुष्य गेलं माझं त्यात.”

“ती लिपी मी तुझ्यापाशी विश्वासाने ठेवली होती.”

“तुम्ही कुठं ठेवली? तुम्ही कधी मागे वळून बघितलं, विश्वंभर वाचतोय की झोपलाय?”

हे खरं होतं. दगा देणाऱ्याच्या तोंडचं खरं फार झोंबतं, कारण त्याला खोटं म्हणायची सोय नसते.

“आणि वसराम?” खिल्लाऱ्यांनी विचारलं. “मी आत गप्प बसलो होतो, विश्वंभर. तू त्या म्हाताऱ्यावर आळ घातलास.”

कपाळावरच्या जुन्या चपलेच्या व्रणावरून विश्वंभरांनी हात फिरवला. खिल्लाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तो व्रण त्यांच्या वाट्याचा होता, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त तकलीफ होत होती.

“प्रियंकाचं लग्न होऊ दे. तिचा काही गुन्हा नाही,” ते शेवटी म्हणाले. “उद्या हट्ट्याला यायचं. हे सगळं त्या बाईसमोर तुझ्या तोंडाने सांगायचं. आणि तहाचा मसुदा मी दुसऱ्याकडून टाईप करून घेईन.”

जन्मठेप ऐकून चप्पल फेकणारा माणूस विश्वंभरांनी पाहिला होता. ते स्वतः नुसते उठले आणि पेन्सिल टेबलावर ठेवून गेले.

संध्याकाळी खिल्लारे एकटेच फिरायला निघाले आणि वसरामच्या घरी थांबले. “चुकलं माझं,” म्हणाले. वसरामने चहा ठेवायला सांगितलं. साखर नको, हेही आठवणीने सांगितलं.

६

सकाळी जेसीबी लिंबाकडे तोंड करून उभा होता. सुनिताबाई खड्ड्याच्या काठावर बसली होती. दगडोबा, हरीश, वसराम, खालमानेने विश्वंभर, असे सगळे जमले होते.

विश्वंभरांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, उतरवून घेणाऱ्याला थोडक्यात बोलता येतं.

मग खिल्लारे पुढे झाले. “सुनिताबाई, तोंडाने मी बोललो नाही. पण तुमचं गुपित माझ्याच पायांनी फुटलं, आणि माझ्याच माणसाने विकलं. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकलात, तो वाया गेला. या प्रकरणातून मी बाजूला होतो.”

दगडोबाला यातलं एकच कळलं. “ते ऱ्हाऊ द्या साहेब. खाली हाय काय, ते सांगा की.”

“ते सांगायचा अधिकार मला नाही. आजही नाही.”

“मग मशीनच सांगंल,” दगडोबा म्हणाला आणि त्याने ड्रायव्हरला हात केला. इंजिन धडधडलं. लोखंडी पंजा वर उचलला गेला आणि लिंबाचा मोहोर भुरभुर खाली पडला.

खिल्लाऱ्यांना एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य त्यांचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प बसायला कष्ट पडले.

सुनिताबाई उठली. “दगडू, तुझी भाची हाय तिथं.”

इंजिनात ते हरवलं असावं. तिने पुन्हा म्हटलं, अजिबात आवाज न चढवता. “माझी पयली. तू परभणीला व्हतास. दादानं लिंब लावलं वर.”

दगडोबाचा हात हवेतच राहिला.

“दादा दिवाळीला हितं पणती लावायचे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, शेताला लावतेत.” मग ड्रायव्हरवर ओरडला, “बंद कर की बे! ऐकू येऊन न्हाई राहिलं का?”

शांत झालं. दगडोबा खड्ड्यात बघत उभा राहिला. “मला सांगायचं व्हतंस, बाई.”

“सांगून? भाव वाढवला आसतास.”

तो नाही म्हणाला नाही. त्याने पायातल्या चपला काढून बांधावर ठेवल्या आणि हाताने माती लोटायला लागला. बऱ्याच वेळाने, वर न बघता म्हणाला, “हिरीत अर्धं तुझं. लिहून घ्या कुणीतरी.”

लिहून घ्यायला विश्वंभर सवयीने पुढे झाले आणि तिथंच थांबले. हरीशने खिशातून पेन काढलं.

सुनिताबाई खिल्लाऱ्यांपाशी आली. “साहेब, कुणी न सांगता तुमी बूट काढले?”

“काढले.”

“मग बाजूला बिजूला होऊ नगा. कागद तुमच्याच म्होरं करायचा.” तिने हातांची माती झटकली. “घरी चला, च्या घेऊन जा.”

खिल्लाऱ्यांनी बांधावर बसून बूट काढले, या वेळी कळून-सवरून, आणि मोज्यांनिशी त्या तुकड्यातून लिंबापर्यंत गेले. हात जोडले. पलीकडच्या बांधावर पोचले तेव्हा बूट तिथे येऊन उभे होते, जोडीने, नाड्या शेवटच्या भोकापर्यंत सोडलेल्या. शेजारी विश्वंभर उभे होते.

खिल्लारे बुटांच्या बाजूने पुढे गेले. ढेकळांतून, कुसळांतून, सुनिताबाईच्या घरापर्यंत आणि तिथून गाडीपर्यंत. मागे वळून त्यांनी आजही पाहिलं नाही. पण आज मागे कोण आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरी मिराबाईंनी मोजे पाहून कपाळाला हात लावला. “पुन्हा तळव्याला? आणि बूट कुठं आहेत?”

“विश्वंभरकडं.”

“मग आणून देतील संध्याकाळी. ते काही विसरायचे नाहीत.”

“नाही विसरायचा,” खिल्लारे म्हणाले आणि पाय त्यांच्या पुढ्यात ठेवला. मिराबाई एकेक कुसळ उपटू लागल्या. खिल्लाऱ्यांनी चेहरा लाकडी ठेवायचा प्रयत्न केला. आज जमलं नाही.